दोष बोटांचा नव्हता

माझा व्यवसाय शिवणकामाचा. नालासोपारा पश्चिमेला आमचे दोन खोल्यांचे घर आहे, त्यात खिडकीजवळ माझे मशीन. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, बुरख्याची दुरुस्ती, जे येईल ते करते. गेल्या काही वर्षांत नवे शिवण्याचे काम कमी झाले आणि ऑल्टरचे वाढले. बायका मोबाइलवर कपडे मागवतात आणि पार्सल फोडले की थेट माझ्याकडे येतात. “भाभी, खांद्यातून उतरतोय.” “भाभी, फोटोत बरा दिसत होता हो.” मी त्यांना नेहमी सांगते, रेडीमेड कपडा कुणाच्याच मापाचा नसतो. तो अशा एका बाईच्या मापाने शिवलेला असतो, जी कुठे राहतच नाही. तुमच्या अंगाला तो बसवून घ्यावा लागतो, त्यात तुमचा दोष नाही.

ही अक्कल मी रोज गिऱ्हाइकांना शिकवते. पण माझ्याच घरात एक मोठा खोका आला, तेव्हा ती मला सुचली नाही. त्यामुळे माझ्या लेकीच्या मनाला जे लागले, ते आज लिहून काढते आहे. कुणाच्या घरी असाच खोका येणार असेल, तर निदान त्यांना उपयोग होईल.

थोरली सतरा वर्षांची, यंदा बारावीला. मेंदी चांगली काढते. चांदरातीला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात तिच्यासमोर रांग लागते. दोन ईदचे आणि चार लग्नांचे पैसे तिने साठवले होते. मला वाटले, मोबाइल घेईल. तिने ऑनलाइन गिटार मागवली. साडेपाच हजारांची, सोबत पिशवी, पट्टा, तारांचा एक जादा संच आणि प्लास्टिकच्या तीन नख्या. मला कळले ते डिलिव्हरीवाला मुलगा दारात उभा राहिला तेव्हाच.

सासरे तेव्हा असरच्या नमाजला निघाले होते. खोक्याकडे पाहून त्यांनी विचारले, “काय आहे हे?” लेक म्हणाली, “दादा, गिटार.” ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि निघून गेले. आमच्या घरात त्यांचे न बोलणे हेच बोलणे असते.

वाद्यांच्या बाबतीत आपल्याकडे एकमत नाही, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. आलिमांमध्येही यावर पूर्वीपासून वेगवेगळी मते आहेत. मी त्या चर्चेत शिरणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. आमच्या घरात काय झाले तेवढे सांगते. रात्री जेवणानंतर सासऱ्यांनी नातीला समोर बसवून स्पष्ट सांगितले, की त्यांना हे पसंत नाही. पण पैसे तिच्या मेहनतीचे आहेत आणि वस्तू घरात आली आहे, तेव्हा ते फेकायला लावणार नाहीत. मग अटी ठरल्या. अजान सुरू झाली की बंद. नमाजच्या वेळी बंद. ते घरात कुराण वाचत असतील तेव्हा बंद. अभ्यासाचे दोन तास आधी, गिटार नंतर. लेकीने सगळे कबूल केले आणि खरे सांगायचे तर पाळलेही.

लेकीने कुठूनसे वाचले होते. तिने आजोबांना सांगितले, की युरोपातल्या ‘लूट’ नावाच्या वाद्याचे नाव अरबी ‘अल-ऊद’वरून आले आहे, ऊद म्हणजे लाकूड, आणि दहाव्या शतकात फाराबीने आपल्या संगीतावरच्या मोठ्या ग्रंथात ऊदचे पडदे कुठे असावेत याचा हिशेब मांडला आहे. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, इतिहास वेगळा, मसला वेगळा.” त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर होते.

पुढचे सहा आठवडे लेक रोज बसली. मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ लावायचे आणि त्यातल्या माणसाच्या बोटांकडे बघून आपली बोटे ठेवायची. पहिले काही दिवस बोटांची टोके दुखतात, मग तिथली कातडी निबर होते आणि दुखणे थांबते, असे त्या व्हिडिओत सांगितले होते. तिचे दुखणे थांबेना. डाव्या हाताच्या बोटांवर निळसर वळ उठले. एकदा मेंदी काढताना तिला कोन नीट धरता आला नाही. तारेवर बोट ठेवून कितीही जोर लावला, तरी सूर न निघता नुसता ‘ठप्प’ असा आवाज यायचा. ज्यात एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात, ती ‘एफ’ नावाची कॉर्ड तर एकदाही वाजली नाही.

मग ती रोजची एक दिवसाआड बसू लागली. मग आठवड्यातून एकदा. एके दिवशी गिटार पिशवीत घालून कपाटावर चढवली गेली.

त्या दिवशी मी जे बोलले, ते मला अजून टोचते. मी म्हणाले, “साडेपाच हजार पाण्यात. तुझ्यात चिकाटीच नाही. कराटेचंही असंच झालं होतं.” तिने उलट उत्तर दिले नाही. आपला डावा पंजा उघडून बघत म्हणाली, “अम्मी, माझी बोटंच छोटी आहेत बहुतेक.” आणि अभ्यासाला बसली. मीही मशीनवर बसले. वाटले, चला, एक विषय संपला.

वसईत गिटार ही परकी वस्तू नाही. इथल्या ख्रिस्ती गावांत ती चर्चमध्ये वाजते, लग्नात वाजते, घराच्या ओट्यावरही वाजते. सांडोरच्या एक बाई कित्येक वर्षांपासून माझ्याकडे ब्लाउज शिवतात. त्यांचा मुलगा चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवतो, हे मला माहीत होते. पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे, हे कधी डोक्यात आले नव्हते. जूनच्या पहिल्या पावसात तो आईचे कपडे न्यायला आला. कपाटावरची पिशवी पाहून म्हणाला, “आंटी, गिटार कोणाची?” मी म्हटले, “आमच्या लेकीची. सोडून दिली तिने.” त्याने विचारून ती खाली काढली, मांडीवर घेतली, दोनचार ठिकाणी दाबून पाहिली आणि आमच्याकडे न बघताच म्हणाला, “आंटी, हिची ॲक्शन केवढी उंच आहे! हिच्यावर मीसुद्धा दहा मिनिटांच्या वर वाजवू शकणार नाही. हिने सहा आठवडे वाजवलं?”

लेक दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली.

ॲक्शन म्हणजे काय ते त्याने आम्हाला दाखवले. गिटारच्या लांब दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्या सतारीचे पडदे म्हणा ना. तार त्या पट्ट्यांच्या वरून जाते. पट्टी आणि तार यांच्यात जेवढे अंतर, तेवढी ॲक्शन. अंतर जास्त असेल तर तार खाली दाबायला जास्त जोर लागतो, बोट कापते आणि सूरही बिघडतो, कारण तार ताणली जाऊन स्वर चढतो. कारखान्यातून बाहेर पडताना स्वस्त गिटारची ॲक्शन बहुधा मुद्दाम जरा उंच ठेवतात, असे तो म्हणाला. उंच ठेवली तर तार कुठे घासून खरखरत नाही, त्यामुळे तक्रार कमी येते. उंच ॲक्शनची तक्रार नवखा माणूस करतच नाही. तो स्वतःलाच दोष देतो.

वस्तू परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

आमचे ‘हे’ वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात मशीनवर काम करतात. सुट्या भागांची मापे घेणे हेच त्यांचे दिवसभराचे काम. रात्री त्यांना सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते मालकाला विचारून व्हर्नियर आणि फिलर गेज घेऊन आले. फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा पंखा, फटीत घालून फट मोजायचा. बाराव्या पट्टीवर सर्वांत जाड तारेखालची फट निघाली चार मिलिमीटर. लोखंडी तारांच्या गिटारला तिथे साधारण अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास, असे सांडोरच्या मुलाने सांगितले होते. ‘हे’ म्हणाले, “दीड मिलिमीटरचा फरक? आमच्याकडे एवढ्या फरकाचा माल तपासणीत परत येतो.” लेकीच्या हातावरचे वळ त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

मला तेव्हा माझे माहेर आठवले. मी मिरजेची. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली जवळ, आणि माझे एक मामू उभे आयुष्य तानपुरे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. मिरजेत ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे. फरीदसाहेब सतारमेकर हे तिचे मूळ पुरुष मानले जातात. त्यांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारे घडवणाऱ्यांचे आणि धार लावणाऱ्यांचे. तलवारींचे दिवस गेले तेव्हा त्याच हातांनी लाकूड, सोलापूर जिल्ह्यातून येणारे भोपळे आणि तारा हाताळायला घेतल्या. आज मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर जातात. 2024 मध्ये दोघांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

लहानपणी मी मामूंचा डबा घेऊन तिथे जायची. एक गोष्ट डोक्यात पक्की राहिली आहे. तानपुरा तयार झाला, पॉलिश झाले, तारा चढल्या, तरी तो ‘झाला’ असे कुणी म्हणत नसे. मग जवारी काढायचे काम सुरू व्हायचे. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा वरचा भाग पाहणाऱ्याला सपाट वाटतो. पण त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर हलकेच टेकत थरथरते, त्यातून तो भरलेला झंकार येतो. कारागीर कानशीने केसाएवढे घासायचा, तार छेडायचा, कान लावायचा, पुन्हा घासायचा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून झंकाराची जागा शोधायचा. गिऱ्हाईक समोर बसलेले असायचे. गाणारा पुरुष की बाई, कोणत्या पट्टीत गाणार, आवाज खुला आवडतो की बंद, हे विचारूनच काम पुरे व्हायचे. पुरुषांचा तानपुरा मोठा, बायकांचा लहान. म्हणजे तिथेही माप घेतलेच जायचे, फक्त टेपने नाही, कानाने.

ऑनलाइन खोक्यात हाच माणूस नसतो. बनवणारा असतो, वाजवणारा असतो. मधे बसून एकाला दुसऱ्याच्या मापाचे करून देणारा नसतो. खोका आला म्हणजे वस्तू पुरी झाली, अशी आपली समजूत होते आणि मग जे जमत नाही ते आपल्यात कमी आहे असे वाटू लागते.

मामूंना व्हिडिओ कॉल केला. आता ते थकलेत, काम सोडले आहे. गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती. तरी कॅमेऱ्यातून बघून म्हणाले, “घोडी उंच आहे. दांडीही वाकलेली दिसते. आधी दांडी बघा, मग घोडी.” मग मला बजावले, “लकडी निकालना आसान है बेटा, वापस लगाना नई आता. थोडं थोडं कर.”

पुढच्या रविवारी सांडोरचा मुलगा आला. आधी त्याने जुन्या तारा काढून बारीक तारांचा संच चढवला. तारांच्या जाडीत फरक असतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होते? नेहमीच्या संचात सर्वांत बारीक तार इंचाच्या बारा सहस्रांश जाडीची असते, नवख्यांसाठीच्या संचात दहा सहस्रांशची. ऐकायला फरक काहीच नाही. पण सहा तारा सुरात लावल्यावर त्यांचा एकूण ताण बाराच्या संचात सत्तर किलोच्या वर जातो आणि दहाच्या संचात साठच्या आसपास येतो. एवढे वजन ती लाकडी दांडी रात्रंदिवस ओढून धरते, हे ऐकून माझ्या सासऱ्यांनीही पेपरातून मान वर केली.

मग दांडी. त्याने लेकीला एक युक्ती शिकवली. तारा सुरात असताना जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पट्टीवर दाबून धरायची. तार सरळ असते, त्यामुळे ती पट्टीसारखी वापरता येते. मग सातव्या पट्टीजवळ तारेखाली पाहायचे. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. आमच्याकडे तीन कार्डे सरकली. म्हणजे तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकली होती. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तिचा नट गिटारच्या भोकातून आतल्या बाजूला दिसतो. षटकोनी चावी घालून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तो पाव फेरा फिरवला, की दांडी थोडी सरळ होते. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही आणि चावी अडकली तर जबरदस्ती नाही, हे त्याने दोनदा सांगितले. पाव फेरा त्याने दिला, पाव दुसऱ्या दिवशी ‘ह्यांनी’ दिला. कार्ड एकच जाऊ लागले. ॲक्शन चारवरून साडेतीनच्या जरा वर आली.

उरलेला एक मिलिमीटर घोडीत होता. गिटारच्या घोडीत एक पांढरी पट्टी नुसती खोचलेली असते, तिला सॅडल म्हणतात. आमचे सॅडल प्लास्टिकचे होते. तारा सैल करून ते बाहेर काढायचे, खालची बाजू पॉलिश पेपरवर घासायची आणि परत बसवायचे. हिशेब असा, की बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर येते, म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलमधून दोन काढावे लागतात. हे काम मी मागून घेतले. मापाचे काम आहे, ते मला येते, अशी माझी घमेंड.

काचेवर पॉलिश पेपर ठेवला, सॅडलवर पेन्सिलची रेघ मारली आणि रेघेपर्यंत घासले. तारा चढवल्या. लेकीने ‘जी’ लावली आणि स्वच्छ आवाज घरभर घुमला. अडीचच्या जरा वर ॲक्शन आली होती. लेक हसली. तिथेच थांबायला हवे होते. पण मला वाटले, एवढ्याने एवढे सोपे झाले, तर आणखी थोडे काढले म्हणजे पोरीला काही त्रासच उरणार नाही. तिच्या बोटांवरचे वळ डोळ्यांसमोर होते आणि माझे बोलणेही. पुन्हा सॅडल काढले आणि रेघ न मारता घासले.

या वेळी तारा चढवल्या तेव्हा जाड तार पत्र्यासारखी खरखरली. कुठेही दाबा, खरखर. तारेला थरथरायला जागाच उरली नव्हती. ती पट्ट्यांवर आपटत होती. मी मामूंना फोन लावून आवाज ऐकवला. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, “अगं, तू गिटारची जवारी काढलीस!” तानपुऱ्यात ज्या आवाजासाठी कारागीर दिवस घालवतो, गिटारमध्ये तोच आवाज खोड ठरतो. मला मात्र हसू येत नव्हते. कापड बेतताना दोन वेळा मापते आणि एकदा कापते. मुलीच्या बाबतीत मात्र मापायचेच विसरले होते. आधी बोलताना विसरले आणि आता घासतानाही.

लेक माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, “होतं असं, अम्मी. पहिल्यांदाच केलंस ना तू.”

एवढेच. तिने मला साडेपाच हजारांचा हिशेब दाखवला नाही, चिकाटी काढली नाही. तेव्हा मला रडू आले. मी तिला म्हणाले, “त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तुझी बोटं छोटी नाहीत आणि तुझ्यात चिकाटीही कमी नाही. मी वस्तू न तपासता तुलाच नावं ठेवली.” आईने मुलीची माफी मागायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. मला ते शब्द जड गेले. पण म्हटल्यावर हलके वाटले. ती काही बोलली नाही, माझ्या हातातले सॅडल घेऊन त्याखाली पोस्टकार्डाचा एक पातळ तुकडा कापून ठेवला आणि तारा पुन्हा ताणल्या. खरखर बरीच कमी झाली.

नंतर सांडोरच्या बाईंच्या ओळखीने वसईतल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी माझी करामत पाहिली आणि ओरडले नाहीत. म्हणाले, “घाई केलीत. आधी नट, मग सॅडल.” नट म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, सतारीला जशी तारगहन. तिच्या खाचा उथळ होत्या, म्हणून पहिल्या दोनतीन पट्ट्यांवर तार फार उंच राहत होती. ‘एफ’ न वाजण्याचे खरे कारण तेच. तार तिसऱ्या पट्टीवर दाबली, की पहिल्या पट्टीवर केसाएवढीच फट दिसायला हवी. त्यांच्याकडे प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस होती. सहा खाचा त्यांनी एकेक करून उतरवल्या, हाडाचे नवे सॅडल घासून बसवले आणि हातातच वाजवून पाहिले. सगळे मिळून सहाशे रुपये घेतले. शेवटी लेकीला म्हणाले, “आता दुखलं तर ते शिकण्याचं दुखणं. ते सोसायचं.”

एक गोष्ट मात्र कुणालाच दुरुस्त करता आली नाही. लेक बारीक चणीची आणि तिने मागवली 41 इंची मोठ्या पोटाची गिटार, कारण तिला सर्वांत जास्त तारे मिळाले होते. उजवा हात तिच्यावरून टाकताना खांदा वर उचलला जातो. खांदा चुकलेला मला लगेच दिसतो. लहान आकाराची घेतली असती तर बरे झाले असते. आता ती पायाखाली पाटा ठेवून बसते. सगळेच ऑल्टर होत नाही. काही गोष्टी निवडतानाच बघायच्या असतात.

आपल्यापैकी कुणी मुलांसाठी असे वाद्य मागवणार असेल, तर माझे सांगणे एवढेच. किमतीत सातआठशे रुपये जोडण्याचे, बसवून घेण्याचे, आधीच धरा. शक्य असेल तर दुकानात जाऊन मूल आणि वाद्य शेजारी ठेवून पाहा. खोका आला की पहिल्याच दिवशी जाणत्या माणसाच्या हातात द्या, परत करायची मुदत असेपर्यंतच. आपल्या वसईच्या हवेत पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते, तारा वर उचलल्या जातात. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पिशवीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाका. आणि थंडी-पावसाळा बदलला की एकदा मापून घ्या.

लेकीने पुन्हा सुरुवात केली त्याला आता चार महिने झाले. ‘एफ’ दहातून सहा वेळा वाजते. बोटांची टोके निबर झालीत आणि मेंदीचा कोन पूर्वीसारखाच धरता येतो. ती मोठी कलाकार होईल असे मला वाटत नाही, तिलाही वाटत नाही. बारावीचा अभ्यास झाला की अर्धा तास बसते, मगरिबची अजान झाली की पिशवीत ठेवते.

सासऱ्यांचे मत बदललेले नाही, आणि ते बदलावे असा आमचा हट्टही नाही. परवा मात्र त्यांनी वालीवहून आणलेले फिलर गेज टेबलावर पडलेले पाहिले आणि ‘ह्यांना’ म्हणाले, “मालकाची वस्तू आहे, परत केली का?” ‘हे’ म्हणाले, “पुढच्या महिन्यात एकदा मापायचंय अब्बा, मालकाला सांगितलंय.” सासरे थोडे थांबले आणि म्हणाले, “मग नीट डबीत ठेवा. गंज चढेल पावसात.”

आता गिऱ्हाइकाची बाई नवा ड्रेस घालून आरशासमोर उभी राहते आणि म्हणते, “भाभी, माझंच अंग बेढब आहे,” तेव्हा मी तिला आधी गप्प करते. मग टेप काढते आणि माप घेते.